नळी गुळगुळीतच हवी

भारतातल्या शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी कोणती बंदूक वापरावी, हे कायद्यात स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३, पोटकलम ३. त्याचा साध्या मराठीतला अर्थ असा: खरोखर पीकसंरक्षणासाठी हवी असेल, तर तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची पुरेशी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी देता येईल. पण तीही आतून गुळगुळीत नळीची, आणि नळी किमान वीस इंच लांब.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातला इंजिनियर जरा दचकला. आमच्या धंद्यात ग्राहक अडचण सांगतो आणि आपण उपाय शोधतो. इथे उपाय आधीच ठरलेला होता, आणि तोही असा की, जगाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मागे टाकलेला. अडचण काय आहे, हे विचारलेलंच नव्हतं.

कलमापर्यंत पोहोचलो ते मामामुळे. मामाची शेती त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला. उतारावर भात, नागली, थोडी वरई, आणि जिथे जमीन बरी तिथे भुईमूग. भुईमुगाला शेंग धरली की रानडुकरं येतात. एका रात्रीत कळप अर्धा एकर असा उकरतो, की सकाळी बघणाऱ्याला नांगरट झाल्यासारखी वाटावी. घरात आजोबांच्या काळापासून ठासणीची बंदूक आहे. परवाना रीतसर, आता मामाच्या नावावर. मी नाशिकला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणजे मला सगळं येतं असा घरात समज. मामा म्हणाला, "तू ते कॉम्प्युटरवर बघ जरा. हलकी, लांब मारणारी, स्वस्तात काय बसतं ते."

मी बघितलं. अमेरिकेत या कामासाठी बंदुकांची अख्खी जात आहे. शेतात बिळं करणारे, पीक खाणारे छोटे प्राणी मारायला बारीक कॅलिबरची, सपाट आणि लांब मारणारी, अचूक रायफल. लोक ती सुटे भाग जमवून घरच्या गॅरेजमध्ये बांधतात: वापरलेली बोल्ट-ॲक्शन, नवी नळी, लाकडाचा किंवा फायबरचा दस्ता, हलका चाप, वर दुर्बीण. आपण कॉम्प्युटर असेंबल करतो तसं. मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली आणि रकाने पाडले: भाग, किंमत, वजन, पर्याय. आणखी एक रकाना घातला, 'भारतात कायदेशीर?'. तो भरायला घेतला तेव्हा इतिहास सुरू झाला. प्रत्येक ओळीपुढे 'नाही' येत होतं, आणि प्रत्येक 'नाही'ला वेगळं साल होतं.

आधी हे बारीक आणि जाड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे लोक 'बारा बोअर' म्हणतात. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. रायफलीत हिशोब उलटा, तो इंचात. पॉइंट बावीस म्हणजे ०.२२ इंच, सुमारे साडेपाच मिलिमीटर. पण खरा फरक जाडीचा नाही, नळीच्या आतल्या पिळाचा आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे चर असतात. गोळी त्यात फिरत बाहेर पडते, भोवऱ्यासारखी स्थिर राहते आणि सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे तीस-चाळीस मीटरपलीकडे पसरून जातात. एकच गोळी ठासली तर ती कुठे वळेल ते देव जाणे.

म्हणजे शेतकऱ्याच्या बंदुकीबद्दल कायद्याच्या दोन अटी आहेत. ती भरायला वेळ लागला पाहिजे. आणि तिने लांबचा नेम साधता कामा नये. ज्याने हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर डुक्कर नव्हतं, माणूस होता.

कुठला माणूस, हे नाशिक जिल्ह्यातच सापडतं. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे इथे भागोजी नाईकांच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी हेन्री याला मारलं. भागोजी स्वतः आधी अहमदनगरच्या पोलिसात होते, म्हणजे बंदूक कशी चालते ते सरकारनेच शिकवलेलं. दोन वर्षं त्यांनी डोंगरातून सरकारला झुलवलं. १८५९ मध्ये ते मारले गेले. उठाव मोडल्यावर देशभर हत्यारं गोळा करायची मोहीम निघाली. तलवारी, भाले, तोड्याच्या बंदुका. राज्याला कळून चुकलं होतं की गावोगावी घराच्या आढ्याला काय टांगलेलं असतं.

मग आला मार्च १८७८. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्या वर्षीच्या कायद्यांचे क्रमांक बघा, मला ते पाहून मजा वाटली आणि थोडं अंगावरही आलं. सातवा कायदा: भारतीय वन अधिनियम. नववा: देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचं बंधन. अकरावा: भारतीय शस्त्र अधिनियम. सगळे एकाच महिन्यातले. जंगल सरकारचं, छापलेला शब्द सरकारच्या नजरेखाली आणि बंदूक सरकारच्या परवानगीने. (मधला आठवा कायदा सागरी जकातीचा. सरकारला पैसेही लागतातच.)

शाळेत आपण यातला फक्त वर्तमानपत्रांचा कायदा शिकतो, कारण तो टिळक-आगरकरांच्या काळाशी जोडता येतो. तो चार वर्षांत गेला. शेतकऱ्याला मात्र उरलेल्या दोघांनी दोन बाजूंनी धरलं. राखीव जंगलाची हद्द शेताच्या बांधापर्यंत आली, म्हणजे जनावरं त्या हद्दीच्या आत सुरक्षित झाली, आणि त्यांना हुसकायचं हत्यार परवान्यात गेलं. पिकं-गुरं राखण्यासाठी परवाने मिळत, नाही असं नाही. पण साहेबाला परवान्याच्या अटीतून सूट आणि एतद्देशीयाला अर्ज, हा फरक लोकांना टोचत होता. मद्रासच्या १८८७ च्या अधिवेशनापासून काँग्रेस शस्त्र कायद्याच्या जाचाविरुद्ध ठराव करत राहिली.

नाशिक आणि बंदूक म्हटलं की आपल्या शहरात कुणालाही एकच तारीख आठवते: २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, आणि अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर ट्रंकेच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. या प्रकरणावर नाटकं, पुस्तकं, भाषणं पुष्कळ झाली. मी त्यात भर घालत नाही. मला फक्त त्या वीस आकड्यापाशी थांबायचं आहे. शस्त्र कायदा लागू होऊन तोवर एकतीस वर्षं झाली होती, आणि ज्यांना राज्य उलथायचं होतं त्यांच्यापर्यंत त्या काळातलं अगदी आधुनिक, स्वयंचलित पिस्तूल पोहोचलं. हरसूलकडच्या शेतकऱ्यापर्यंत काही पोहोचलं नाही. तो माळ्यावर बसून गोफणच फिरवत होता.

गोफणीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडचं खरं बारीक कॅलिबर तेच. अंबाडीची दोरी, मध्ये विणलेली खोबण, आवळ्याएवढा दगड. जोंधळा हुरड्यात आला की उंच माळ्यावरून पोरं दिवसभर पाखरं हाकत. दगड लागला नाही तरी चालतो. दोरीच्या टोकाचा सटाका बसला की थवा उठतो. पाखरं मारायची नाहीत, उठवायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रजांच्या कायद्याने कॅलिबरवर काय परिणाम केला, त्याची एक गोष्ट शिकारीच्या पुस्तकांत येते आणि ती खरोखर चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात पॉइंट चारशे पन्नास कॅलिबरवर बंदी आली. कारण, लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती पडायची भीती होती. पण वाघ-गव्यांची शिकार करणारे साहेब आणि संस्थानिक हेच लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक. मग त्या कारखानदारांनी काय करावं? माप किंचित बदललं. पॉइंट चारशे पासष्ट, चारशे सत्तर, चारशे पंच्याहत्तर अशी नवी काडतुसं निघाली. हिंदुस्थानच्या कायद्याला वळसा घालण्यासाठी एक अख्खी नवी मालिका जन्माला आली. गिऱ्हाईक राजा असेल तर 'कस्टम बिल्ड' असं होतं.

गरीब भावंडाची गोष्टही आहे. पॉइंट तीनशे तीन लष्कराचं, म्हणून सामान्य माणसाला बंद. मग पॉइंट तीनशे पंधरा काढलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने हीच तीनशे पंधरा बोअरची रायफल बनवली, आणि आजही परवानाधारक भारतीयाला ज्ञात असलेली रायफल म्हणजे बहुधा तीच. तिचा साचा लष्करी रायफलीचा, माप फक्त कायद्यापुरतं वेगळं. वजनदार, धक्का देणारी. मामाची 'हलकी' ही पहिली अट तिथेच संपते.

त्याच दशकांत अमेरिकेत काय चाललं होतं? १९२० च्या सुमारास स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतले काही हौशी लोक जुन्या बावीस कॅलिबरच्या काडतुसात नवी दारू भरून प्रयोग करत होते. त्यातून हॉर्नेट निघालं आणि तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांनी ते उचललं. १९३५ मध्ये स्विफ्ट आलं, १९५० मध्ये ट्रिपल टू, १९६४ च्या आसपास त्याचंच थोरलं भावंड टू-ट्वेंटी-थ्री. ट्वेंटी-टू टूफिफ्टी तर कित्येक वर्षं लोक घरीच घडवत होते. कंपनीने १९६५ मध्ये फक्त शिक्का मारला. आमच्या भाषेत सांगायचं तर हे ओपन सोर्स होतं. वापरणारा दुरुस्त्या करत होता, त्या पुढे कारखान्यात जात होत्या.

आपल्याकडे वापरणाऱ्याने दुरुस्ती करणं हाच गुन्हा आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवणं तर सोडाच. बदल करणं, दुरुस्त करणं, तपासून बघणंही कलम ५ मध्ये येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. माझ्या शीटमधली 'नवी नळी बसवणे' ही ओळ मी लाल केली. 'परदेशातून मागवणे' हीही लाल: सर्वसामान्य माणसाला बंदूक आयात करता येत नाही, आणि म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या झेक किंवा इंग्लिश बावीस रायफली आज एखाद्या जुन्या वाड्याच्या सागवानासारख्या हातोहात फिरतात. बजेटच्या माणसाने तिकडे बघू नये.

आता कुणी म्हणेल, हा सगळा परकीय राज्याचा वारसा, आपलं राज्य आल्यावर बदलायला हवा होता. बदलाची भाषा झालीही होती. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या चौकटीत राहून, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती आणली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती बारगळली. मला आंबेडकरांची बाजू पटते. गावात बंदूक कुणाकडे आधी आली असती आणि कुणाच्या दिशेने रोखली गेली असती, याचा विचार करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पण याचा परिणाम असा झाला की १९५९ चा नवा कायदा आला, १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला, आणि शेतकऱ्यासाठी त्यात जुनीच ठासणीची बंदूक राहिली.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मामाची वकिली केल्यासारखं होईल. 'अधिक धान्य पिकवा'च्या वर्षांत देशभर पीकसंरक्षणाच्या बंदुका सढळ हाताने दिल्या गेल्या. त्यांनी पिकं किती राखली हा वाद आहे. चितळ, भेकरं, काळवीट किती खाल्ली गेली हे त्या काळच्या निसर्ग अभ्यासकांनी कळवळून लिहिलं आहे. बांधावरची बंदूक हळूच रानात शिरत होती. आमच्या आजोळी आजही म्हातारी माणसं एखाद्या जेवणाची आठवण सांगताना मध्येच थांबतात आणि विषय बदलतात. १९७२ चा वन्यजीव कायदा उगाच आला नाही.

त्या कायद्यामुळे गोष्ट आणखी गुंतली. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची परवानगी वेगळी. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या. उभ्या पिकाला धोका असेल तर वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसेल तर आपल्याच शेतात, आपल्याच परवान्याच्या बंदुकीने डुक्कर मारणं हा गुन्हा. कायद्यात 'उपद्रवी' ठरवायची तरतूद आहे. केंद्राने २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर, हिमाचलमध्ये माकड अशी ठरावीक मुदतीची यादी काढली. त्याच सुमारास चंद्रपुरात परवानगीने पन्नासच्या वर रानडुकरं मारली गेली, तेव्हा केंद्रातल्याच एका मंत्र्यांनी त्यावर उघड टीका केली. अमेरिकेतला शेतकरी ज्याला उपद्रवी म्हणतो तो त्याच्या बांधावर ठरतो. आपल्याकडे तो राजपत्रात ठरतो.

आणि हेही आहे की, डुकराला बारीक कॅलिबर चालतच नाही. अमेरिकन लोक ज्या प्राण्यावर हॉर्नेट झाडतात तो चार-पाच किलोचा. आपला एकुलगा नर ऐंशी-नव्वद किलोचा, खांद्यावर चिलखतासारखी कातडी. पॉइंट बावीसच्या साध्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर. त्याने डुक्कर मरणार नाही, जखमी होईल, आणि जखमी डुक्कर सकाळी झुडपात कुणाच्या तरी वाट्याला येईल.

मग मी एअरगनचं गणित केलं, केवळ कुतूहल म्हणून. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस ज्यूलच्या आतली, साडेचार मिलिमीटरची एअर रायफल विनापरवाना घेता येते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटरने गेला तर अठरा-एकोणीस ज्यूल होतात. डुकराला ती डास चावल्यासारखी. पाखराला पुरेशी, आणि तिथेच तिचा त्रास: अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी एअरगन आपणहून जमा कराव्यात म्हणून सरकारला मोहीम काढावी लागली, इतकी तिथली पाखरं गेली. निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले हुशार, ते जाळी टाकतात.

गंमत म्हणजे, पिळाच्या नळीची, हलकी, अचूक, बारीक कॅलिबरची रायफल आपल्या कायद्यात आहे. त्याच कलम १३ मध्ये, शेतकऱ्याच्या ओळीच्या लगेच खाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला, निशाणेबाजीच्या सरावासाठी, पॉइंट बावीस. याच बोअरच्या रायफलीने राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. आम्ही ऑफिसात काम थांबवून बघितलं. मामानेही बघितलं. त्याचा प्रश्न एकच: "ह्याच्या बंदुकीत एवढं काय असतं रे?" मी म्हणालो, नळीत पीळ असतो.

कायद्याने दिलेली बंदूक पुरत नाही तिथे लोक काय करतात ते वर्तमानपत्रात रोज येतं. कुंपणात विजेची तार सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी बिबट्या, कधी शेजाऱ्याचं पोर. पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरतात, ते गावचं कुत्रं खातं. पाइपात कार्बाइड भरून आवाज करतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तेच खेळणं म्हणून विकलं गेलं आणि कितीतरी मुलांचे डोळे गेले. त्या मानाने सौर झटका मशीन शहाणं, दणका देतं पण मारत नाही. सरकारी योजनेतून अनुदानही आहे. मामाने वरच्या तुकड्याला ते बसवलंय. खालच्या तुकड्याला ओढा आहे, गवत तारेला लागतं आणि पावसाळाभर मशीन नुसतं टिकटिकत राहतं.

तर उरते ठासणीची. तिच्याबद्दल माझं मत मात्र या खटाटोपात थोडं बदललं. ती भरायला वेळ लागतो, पावसात दारू दमट होते, नेम धरण्यात अर्थ नाही. पण मारायची परवानगीच नसेल तर नेम हवा कशाला? मामा तिच्यात छर्रे घालतच नाही. नुसता बार काढतो. काळी दारू, लांब नळी. आवाज ओढ्यापलीकडच्या डोंगरावर आपटून परत येतो आणि कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही. ज्या बंदुकीची रचना माणसाच्या भीतीने ठरली, ती शेवटी गोफणीचंच काम करते. अचूक, बारीक रायफलीला हे जमलं नसतं. तिचा आवाज नुसता चटका मारल्यासारखा. मी मामाला हे सांगितलं. त्याचं म्हणणं, हे त्याला आधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही.

फक्त बार काढायला बंदूक घरात असावी लागते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करून घेतात. आता कुणाची घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, पण निरोप आला की माणूस वाद घालत बसत नाही. २०२४ ची विधानसभा जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला. भुईमूग काढणीला, भात पिवळा, नागली मागोमाग. नेमके तेच दिवस. बंदूक गोणपाटात गुंडाळून मामा ठाण्यात गेला, पावती घेतली, परवान्याच्या वहीत ठेवली आणि रात्री माळ्यावर चढला. बरोबर गोफण, पत्र्याचा डबा आणि माझा जुना ब्लूटूथ स्पीकर. त्यात मी बाराचा आवाज भरून दिला होता, गेल्या वर्षी मोबाइलवर घेतलेला, त्याच्याच बंदुकीचा. डुकरं दोन रात्री फसली.